संगणक-व्यवस्थापन, क्लाउडवरून (श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावातील कार्यालयांसाठी)

कार्यालयातील संगणक, लॅपटॉप व मोबाइल यांची नोंद ठेवणे, त्यांना सुरक्षेचे नियम लावणे, सॉफ्टवेअर बसवणे किंवा काढणे आणि अपडेट वेळेवर पोहोचवणे ही सगळी कामे इंटरनेटवरील एका मध्यवर्ती सेवेतून करण्याची पद्धत. यंत्र कोठेही असो, ते इंटरनेटला जोडलेले असले की त्याची देखभाल दुरून होते. त्यासाठी कार्यालयात स्वतंत्र सर्व्हर ठेवावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे इंट्यून, झोहोचे मॅनेजइंजिन एंडपॉइंट सेंट्रल, पुण्यातील प्रोमोबी टेक्नॉलॉजीजचे स्केलफ्युजन, तसेच पुण्याच्याच क्विक हीलची सेकराइट ही उत्पादने या वर्गात येतात.

श्रीगोंदा हे अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण. संत शेख महंमद आणि शिंदे घराणे यांच्यामुळे इतिहासात परिचित असलेल्या या गावाचा आजचा व्यवहार ऊस, लिंबू, दूध आणि सहकार यांवर चालतो. तालुक्यात नागवडे कारखाना आणि पिंपळगाव पिसा येथील कुकडी कारखाना हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. त्याशिवाय तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपरिषद, बाजार समिती, बँकांच्या शाखा, पतसंस्था आणि गावोगावच्या सेवा सोसायट्या आहेत. अशा तालुक्यात संगणक एका इमारतीत नसतात. कारखान्याची गट ऑफिसे, बँकेच्या शाखा, सोसायटीची एका खोलीची कार्यालये अशा ठिकाणी ते एकेक-दोनदोन करून विखुरलेले असतात. स्वतंत्र संगणक विभाग अनेकांकडे नसतो. वार्षिक देखभालीचा करार केलेला हार्डवेअरवाला यंत्र बिघडले की येतो, फारच संथ झाले असेल तर फॉरमॅट मारतो आणि जातो. बिघाड दिसतो म्हणून तो दुरुस्त होतो. राहून गेलेले अपडेट मात्र दिसत नाही, आणि नुकसान होईपर्यंत त्याची विचारणाही कोणी करत नाही. प्रस्तुत पद्धतीची गरज मोठ्या शहरातील कंपनीपेक्षा अशा विखुरलेल्या कार्यालयांना अधिक आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

कार्यपद्धती. पहिली पायरी नोंदणीची. संस्थेच्या खात्याने संगणकावर प्रवेश केला की ते यंत्र सेवेच्या यादीत दाखल होते. त्याचा अनुक्रमांक, मेमरी, विंडोजची आवृत्ती, बसवलेली सॉफ्टवेअर आणि शेवटचे अपडेट ही माहिती मध्यवर्ती पडद्यावर दिसू लागते. पुढे ते यंत्र ठरावीक काळाने सेवेशी संपर्क साधते. इंट्यूनमध्ये हा काळ साधारणपणे 8 तासांचा असतो. बाकी असलेल्या सूचना ते उचलते आणि आपली स्थिती कळवते. पासवर्ड किती लांबीचा हवा, डिस्क कूटबद्ध आहे की नाही, पेनड्राइव्ह चालू द्यायचा का, अँटिव्हायरस ताजा आहे का, असे नियम एकदाच लिहून सर्व यंत्रांना लावता येतात. नियमात न बसणाऱ्या यंत्राला संस्थेची मेल किंवा फायली उघडू न देणेही शक्य असते. लॅपटॉप चोरीला गेल्यास त्यातील संस्थेची माहिती दुरून पुसण्याची सोय असते, मात्र ती आज्ञा अमलात येण्यासाठी यंत्र एकदा तरी इंटरनेटवर यावे लागते.

पूर्वेतिहास. दुरून देखभालीची कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने 1994 मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आणला. अपडेट संस्थेच्या आतच साठवून वाटणारा सर्व्हर 2002 पासून मिळू लागला. या दोन्हींसाठी सर्व्हर, तो सांभाळणारा माणूस आणि शाखांना जोडणारे अंतर्गत जाळे लागे. त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरील संस्थेला ती व्यवस्था परवडण्याजोगी नव्हती. 2011 मध्ये विंडोज इंट्यून ही क्लाउड सेवा सुरू झाली आणि 2014 मध्ये तिचे नाव मायक्रोसॉफ्ट इंट्यून झाले. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे भारतातील डेटा केंद्रे उघडली. पुढच्या वर्षी ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईतून चालू झाली.

अपडेट आणि त्यांची वेळ. या विषयाचा गाभा येथे आहे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर 2003 पासून सुरक्षा-अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणून बुधवारी सकाळी कार्यालय उघडते तेव्हा संगणकांसमोर नवे अपडेट आलेले असते. ते त्याच दिवशी सर्व यंत्रांवर बसवू नये. प्रथम दोन-तीन कमी महत्त्वाच्या संगणकांवर, काही दिवसांनी निम्म्या यंत्रांवर आणि शेवटी उरलेल्यांवर, अशा टप्प्यांनी ते सोडतात. मासिक अपडेट 30 दिवसांपर्यंत आणि विंडोजची नवी आवृत्ती 365 दिवसांपर्यंत लांबवता येते. त्याबरोबर अंतिम मुदतही ठरवावी लागते, नाही तर ‘नंतर रीस्टार्ट करा’ हे बटण महिनोन्‌महिने दाबले जाते.

कोणते यंत्र कोणत्या टप्प्यात घालायचे, हा निर्णय स्थानिक कामकाज जाणणाऱ्यानेच घ्यायचा असतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील संगणक रात्रंदिवस चालतो. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असताना तो रीस्टार्टसाठी बंद पडला तर काटापावतीच थांबते. अशा यंत्रांना स्वतंत्र गट, लांबलेला टप्पा आणि पाळी बदलतानाची ठरावीक वेळ द्यावी. लेखाविभागाचे संगणक मार्चअखेरीस आणि बाजार समितीचे लिलावाच्या वेळेत मोकळे ठेवावेत. बंगळूरला किंवा पुण्याला बसलेल्या सेवा-पुरवठादाराला या वेळा आपोआप कळत नाहीत. त्या त्याला लेखी द्याव्या लागतात.

इंटरनेट मंद असेल तर अपडेट एका यंत्राने उतरवून घ्यायचे आणि त्याच कार्यालयातील इतरांनी ते त्याच्याकडून घ्यायचे, अशी सोय विंडोजमध्ये आहे. ती एका छताखालच्या संगणकांना उपयोगी पडते. ज्या सोसायटीत एकच संगणक आहे आणि तोही मोबाइलच्या नेटवर चालतो, तेथे तिचा लाभ नाही. वीज व नेट दोन्ही हमखास असतील अशी वेळ शोधणे हाच तेथे उपाय.

सेवा सोसायट्या. केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच सेवा सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मान्यता दिली. आरंभीची तरतूद 2,516 कोटी रुपयांची होती आणि अंमलबजावणीचे काम नाबार्डकडे आले. सर्व सोसायट्यांसाठी एकच क्लाउडवरील प्रणाली आणि तिच्याद्वारे जिल्हा व राज्य सहकारी बँकांशी जोडणी असे या योजनेचे स्वरूप आहे. हिशेबाची वही क्लाउडवर गेल्याने ती सुरक्षित झाली असे मानण्याकडे कल असतो, पण ते अर्धेच खरे आहे. गटसचिव ज्या संगणकावरून त्या प्रणालीत शिरतो, त्यावर कळफलकाच्या नोंदी चोरणारे सॉफ्टवेअर असेल तर त्याचा पासवर्ड बाहेर जातोच. मध्यवर्ती प्रणाली आणि सोसायटीतील यंत्र ही दोन वेगळी जबाबदारीची क्षेत्रे आहेत, आणि दुसऱ्याकडे लक्ष कमी जाते.

दुर्लक्षाचे परिणाम. वॉनाक्राय या खंडणी-विषाणूने मे 2017 मध्ये जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या छिद्रातून शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात, 27 जूनला आलेल्या नॉटपेट्या या विषाणूमुळे उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खासगी टर्मिनलचे काम ठप्प झाले. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या बँकांच्या तंत्रपुरवठादाराला खंडणी-हल्ल्याचा फटका बसला तेव्हा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याची जोडणी तोडली आणि सुमारे 300 लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँका होत्या. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट ऑक्टोबर 2018 मध्ये आणि श्रेणीबद्ध चौकट डिसेंबर 2019 मध्ये घालून दिली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे बंधनकारक आहे. संस्थेकडे यंत्रांची यादीच नसेल तर 6 तासांत काय कळवायचे, हा प्रश्न उरतो.

केंद्रीकरणातील धोका. एका पडद्यावरून सर्व यंत्रे चालवता येतात, याचा अर्थ एका चुकीने ती सर्व बंदही पडू शकतात. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बहुतेक यंत्रे एकेकाजवळ जाऊन दुरुस्त करावी लागली आणि डिस्क कूटबद्ध असलेल्या ठिकाणी पुनर्प्राप्ती-कळ (रिकव्हरी की) शोधण्यात वेळ गेला. जुलै 2021 मध्ये हल्लेखोरांनी कासेया या दूरव्यवस्थापनाच्या साधनातूनच खंडणी-विषाणू पसरवला. 1,500 पर्यंत व्यवसायांना त्याची झळ बसली आणि स्वीडनमधील कूप या सहकारी साखळीला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. म्हणून प्रशासक-खाते किमान दोन व्यक्तींकडे असावे, त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी असावी, आणि पुनर्प्राप्ती-कळांची एक प्रत कागदावर तिजोरीत असावी. बाहेरच्या पुरवठादाराला काम दिले तरी खात्याची मालकी संस्थेच्याच नावावर ठेवावी. करार संपल्यावर यंत्रे पुरवठादाराच्या खात्यात अडकून पडली तर ती सोडवणे किचकट असते.

व्यावहारिक अडचणी. बाजारातून घेतलेल्या अनेक संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती असते. ती संस्थेच्या क्लाउड खात्याला पूर्णपणे जोडता येत नाही, प्रो आवृत्ती लागते. खरेदीच्या निविदेत हा एक शब्द लिहिला नाही तर पुढे प्रत्येक यंत्रामागे वेगळा खर्च येतो. विनापरवाना विंडोज असलेले यंत्र या व्यवस्थेत आणूच नये.

सध्याची सर्वांत मोठी अडचण जुन्या यंत्रांची आहे. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक त्या अटीत बसत नाहीत. संस्थांना पैसे भरून मिळणारी मुदतवाढ जास्तीत जास्त तीन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर 2028 पर्यंतची आहे. श्रीगोंदा परिसरातील कारखाने, पतसंस्था व सोसायट्यांनी कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी आपल्याकडील प्रत्येक यंत्राची यादी करावी, विंडोज 10 वरची यंत्रे वेगळी काढावीत आणि बदलाचे काम जून ते सप्टेंबर या काळात, पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकावे.