मिनिमूगचा तिसरा ऑसिलेटर

सिंथेसायझरच्या जवळपास कुठल्याही ॲपमध्ये ‘एलएफओ’ नावाचा एक चौकोन दिसतो. लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर. बरेच जण त्याला इफेक्ट समजतात. तो आला कुठून, हे सांगायला मला एकच वाद्य पुरेसं वाटतं: १९७० सालचं मिनिमूग.

पण आधी थोडं मागे जाऊ. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत आपला पहिला सिंथेसायझर उभा केला. त्यातली खरी गंमत व्होल्टेजची. एक व्होल्ट वाढवा, स्वर बरोबर एक सप्तक वर. आता हे व्होल्टेज कीबोर्डकडूनच यायला हवं असं थोडंच आहे? दुसऱ्या ऑसिलेटरकडूनही येऊ शकतं!

ऑसिलेटर सेकंदाला ४४० वेळा हलला की आपल्याला स्वर ऐकू येतो. तोच साधारण २० पेक्षा हळू हलला, तर कानाला स्वर लागत नाही. पण त्याचं व्होल्टेज दुसऱ्या ऑसिलेटरला दिलं की तिथला स्वर डोलायला लागतो. सेकंदाला पाच-सहा वेळा, अगदी थोडंसं डोलवलं तर गळ्यातल्या कंपासारखं वाटतं. चौकोनी लहर लावली तर स्वर दोनच जागांवर उड्या मारतो, थेट सायरन. आणि फिल्टरला दिलं की ‘वाव-वाव’.

मूगच्या मोठ्या मॉड्युलर यंत्रांत हे सगळं वायरी जोडून करायचे. (असंच एक मूग १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत आलं होतं. डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ लावून दिला. पण तो वेगळ्या भागाचा विषय.)

मिनिमूगमध्ये वायरी गेल्या. सगळं एका पेटीत, उचलून कार्यक्रमाला नेता येईल असं. तीन ऑसिलेटर. पण वेगळा एलएफओ? नाहीच! तिसऱ्या ऑसिलेटरचं रेंजचं बटण ‘लो’वर फिरवायचं, एका खटक्याने त्याला कीबोर्डपासून तोडायचं आणि डावीकडचं चाक पुढे सरकवायचं. झाला एलएफओ.

फक्त वाजायला आता दोनच ऑसिलेटर उरले. मिनिमूगचा तो जाड, भरलेला आवाज तिन्ही ऑसिलेटर किंचित वेगळे लावून येतो. म्हणजे वाजवणाऱ्याने दरवेळी ठरवायचं: आवाज जाड हवा की हलता? इंजिनिअर म्हणून मला ही काटकसर भारी वाटते. वाजवताना मात्र वैताग येतो.

याच काटकसरीतून आणखी एक गोष्ट मिळाली. तिसरा ऑसिलेटर ‘लो’वर न नेता ऐकू येणाऱ्या वेगातच ठेवा आणि चाक सरकवा. डोलणं संपतं आणि घंटेसारखा, खरखरीत, नवाच आवाज निघतो. म्हणजे डोलवणारा आणि वाजणारा, यांत फरक फक्त वेगाचा.

२०१६ मध्ये मूग कंपनीने मिनिमूग पुन्हा बनवायला घेतलं, तेव्हा त्यात वेगळा एलएफओ घातला. तिसरा ऑसिलेटर अखेर मोकळा झाला. ‘लो’ची जागा मात्र बटणावर तशीच ठेवली.