फोर्ट्रानवर कुणाचा विश्वास नव्हता

‘आता कोड मशीनच लिहिणार’ अशी बातमी आली की डेव्हलपर लोक नाक मुरडतात. पण ही शंका एआयच्या कितीतरी आधीची आहे, बरं का.

1954 मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांची टीम फोर्ट्रानवर काम करत होती. तुम्ही गणिताच्या सूत्रासारखं लिहा, कंपायलर ते मशीनच्या भाषेत उतरवेल, अशी कल्पना. बरेच प्रोग्रामर म्हणाले, जमणार नाही. आणि त्यांना कारण होतं. आधीच्या ‘ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग’चा गाजावाजा मोठा, प्रोग्राम मात्र रखडत चालायचे. त्यात मशीनचा वेळ महाग!

मला पुढचा भाग आवडतो. टीमने ती शंकाच टार्गेट म्हणून घेतली: वेग हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीचा हवा. 1957 मध्ये आयबीएम 704 साठी कंपायलर आला. लोकांना पटलं ते प्रोग्राम चालवून बघितल्यावर.

म्हणून मी म्हणतो, शंका जरूर घ्या, पण मोजता येईल अशी. ‘हे सगळं फालतू आहे’ यावर नुसता वाद होतो. ‘किती वेगात चालतं? किती वेळा चुकतं?’ असं विचारलंत, की समोरच्याला आकडे दाखवावेच लागतात.