‘काश्मीर प्रिन्सेस’ने शिकविलेला धडा



मुंबईच्या उपनगरांत कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोप नावाची वस्ती आहे. एके काळी हे खाडीकाठचे लहानसे गाव होते. 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे भूखंड आखले आणि त्यांवर साध्या कुटुंबांनी हळूहळू आपली घरे उभी केली. याच उपनगर जिल्ह्यात सांताक्रूझचा विमानतळ आहे. तेव्हा अशा वस्तीतला एखादा मुलगा विमाने झाडण्याच्या, सामान चढविण्याच्या किंवा जेवणाचे डबे पोचविण्याच्या कामाला लागतो, यात नवल नाही. नोकरी लागली म्हणजे घरात पेढे येतात आणि त्यांच्या मागोमाग चौकशीला पोलीसही येतो! आई घाबरून विचारते, “आमच्या पोरानं काय गुन्हा केला हो?”

गुन्हा काही केलेला नसतो. ही चारित्र्य पडताळणी असते. पण झाडू मारणाऱ्या माणसाची एवढी चौकशी कशाला, हा त्या आईचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर आपल्याला 1955 सालात जावे लागेल.

त्या वर्षी एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील 29 देशांची परिषद भरणार होती. चिनी प्रतिनिधी मंडळातील काही लोक आणि पत्रकार यांना तिकडे नेण्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान ठरले होते. विमानाचे नाव ‘काश्मीर प्रिन्सेस’. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय याच विमानाने जातील, असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात ते त्यात नव्हते.

मुंबईहून निघालेले हे विमान हाँगकाँगला उतरले. तेथे त्यात पेट्रोल भरले गेले, साफसफाई झाली, तपासणी झाली. 11 एप्रिलला दुपारी ते जाकार्ताकडे झेपावले. विमानात 19 माणसे होती. वैमानिक कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार, सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, विमानाची देखभाल करणारे अभियंता अनंत श्रीधर कर्णिक, परिचारिका ग्लोरिया बेरी. त्यांतली काही नावे आपल्या किती जवळची आहेत पाहा!

सुमारे पाच तास विमान सुरळीत चालले. खाली दक्षिण चीनचा समुद्र होता. एकाएकी स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखात आग लागली आणि केबिनमध्ये धूर भरू लागला. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना प्राणरक्षक जाकिटे दिली, संकटकाळी उघडायची दारे मोकळी केली. बिनतारी यंत्र बंद पडण्यापूर्वी आपण कोठे आहोत हे त्यांनी तीन वेळा कळविले. कॅप्टन जटार यांनी अखेरपर्यंत सुकाणू सोडले नाही. जळते विमान त्यांनी पाण्यावर उतरविण्याचा यत्न केला. नातुना बेटांजवळ विमान समुद्रात कोसळले. 16 जण गेले. कर्णिक, दीक्षित आणि पाठक हे तिघेच वाचले. तासन् तास पोहत त्यांनी एक बेट गाठले आणि ‘डॅम्पिअर’ या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना उचलून घेतले. या पाचही जणांच्या धैर्याचा भारत सरकारने अशोकचक्र देऊन गौरव केला. जटार व बेरी यांना तो मरणोत्तर मिळाला. कर्णिकांनी हा सारा अनुभव पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवला.

आता प्रश्न पडला, तपास करायचा कोणी? विमान भारताचे. मरण पावलेले प्रवासी मुख्यतः चीनचे. विमान उडाले ते ब्रिटिशांच्या ताब्यातील हाँगकाँगमधून आणि पडले इंडोनेशियाच्या समुद्रात. एका देशाच्या पोलिसांनी हे कोडे सुटणारे नव्हते. समुद्राच्या तळातून विमानाचे अवशेष वर काढण्यात आले. इंडोनेशियाच्या चौकशी समितीने मे महिन्यात निष्कर्ष जाहीर केला: उजव्या बाजूला चाके आत ओढून घेण्याची जी पोकळी असते, तेथे घड्याळयंत्र लावलेला बॉम्ब ठेवला होता. भारतातर्फे रामेश्वरनाथ काव हे गुप्तवार्ता खात्याचे अधिकारी तपासात सहभागी झाले.

पण चाकापाशी हात पोचला कोणाचा? हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय चाऊ त्से-मिंग नावाच्या माणसावर गेला. विमानांची देखभाल करणाऱ्या तेथील कंपनीत तो सफाई कामगार होता. कुओमिन्तांगच्या हस्तकांनी मोठ्या रकमेचे आमिष दाखवून त्याला वश केले, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. त्याच्या नावे पकड वॉरंट निघाले. पण 18 मे रोजीच तो तैवानला निसटला होता, आणि तोही विमानातूनच! हाँगकाँगने त्याला परत मागितले. तैवानने दिले नाही. त्यामुळे त्याच्यावर खटला चालला नाही, कोणाला शिक्षाही झाली नाही.

मंडळी, या प्रसंगात तीन कच्चे दुवे दिसतात. पहिला दुवा निरोपाचा. घातपाताचा धोका आहे, असा इशारा चीनने ब्रिटिशांना आदल्या दिवशी दिला होता. तरीही बॉम्ब विमानात पोचला. दुसरा दुवा आवारातला. दारातून आत येणाऱ्या परक्याला आपण अडवितो. रोज आत वावरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. तिसरा दुवा कायद्याचा. आरोपी सीमा ओलांडून गेला की त्याला हात लावता येत नव्हता.

हे दुवे पक्के करण्यास बराच काळ लागला. 1970 साली हेग येथे विमान-अपहरणाविषयी आणि 1971 साली माँट्रियल येथे विमानांतील घातपाताविषयी आंतरराष्ट्रीय करार झाले. आरोपी ज्या देशात सापडेल, त्याने एक तर त्याला सोपवावे, नाही तर आपल्याच अधिकाऱ्यांपुढे खटल्यासाठी उभे करावे, हे त्यांचे सार. भारताने त्यासाठी 1982 साली दोन कायदे केले. मार्च 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने सुरक्षेचे नियम ठरविले. त्यामुळे ही जबाबदारी एकट्या पोलिसांची राहिली नाही. विमान कंपनी, विमानतळ चालविणारे, सामान वाहणारे, खानपान पुरविणारे, सारेच तिच्यात बांधले गेले. राखीव आवारात जाणाऱ्या कामगारांची पडताळणी हा त्याचाच भाग आहे.

तरी नियम कागदावर असून भागत नाही. 23 जून 1985 रोजी दिल्ली-मुंबईकडे येणारे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. 329 जीव गेले. बॉम्ब असलेली बॅग कॅनडातून चढविली गेली, पण तिचा धनी विमानात चढलाच नव्हता. धोक्याच्या सूचना वेगवेगळ्या खात्यांकडे होत्या. त्या एकत्र आल्या नाहीत, असे कॅनडाच्या चौकशी आयोगाने 2010 साली नोंदविले. तीस वर्षांनी पुन्हा तोच निरोपाचा दुवा! या घटनेनंतर 1987 साली आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हे स्वतंत्र खाते झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना ही हकीकत सांगाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगा. संशय विमानाखाली काम करणाऱ्या एका माणसावर आला, हे खरे. पण समुद्रातून वाचून ती हकीकत जगापुढे आणणारे कर्णिकही विमानाच्या देखभालीचेच काम करणारे होते. म्हणून हाताने काम करणारा तो संशयित, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्या हाती शेकडो जीव असतात, त्याची ओळख पक्की असावी, एवढेच. आणि हा नियम झाडूवाल्याला लागतो, तसाच साहेबालाही लागला पाहिजे.

चारकोपच्या त्या आईला आपण म्हणू, “बाई, तुमच्या मुलावर कोणी आळ घेत नाही. उद्या तो ज्या विमानाची चाके पुसेल, त्यात कोणाची तरी लेकरे बसणार आहेत.”