आकार, आणे आणि पैसेवारी

आमच्या अकलोलीचं नाव काढलं की लोकांना तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं आणि शेजारची वज्रेश्वरी आठवते. मला हल्ली आठवतो तो सातबारा! त्यावर क्षेत्राजवळ ‘आकार’ म्हणून एक आकडा असतो. काही रुपये, काही पैसे. इतका किरकोळ की त्याकडे कोणी बघत नाही. पण हा आकडा कुणी, कसा काढला असेल? शोधायला बसलो आणि थेट १८३० च्या पुणे जिल्ह्यात जाऊन पोचलो.

तिथे रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा कंपनीचा तरुण अधिकारी होता. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला, रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धान्ताने भारावलेला. त्याचं म्हणणं असं : जमिनीचं एकूण उत्पन्न काढा, त्यातून बियाणं, बैल, मजुरी वगैरे खर्च वजा करा, उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर अगदी चोख. आज आपण ज्याला ‘मॉडेल’ म्हणतो ना, तेच हे. कर बदलला तर कुणावर किती बोजा पडेल, हे आधी कागदावर मांडून बघायचं.

पण हे गणित उभं होतं कशावर? हजारो शेतांच्या मोजणीवर आणि उत्पन्नाच्या अंदाजांवर. मोजणी करणारे कारकून लाच खाऊन आकडे फिरवत होते. वरचा साहेब ते तपासू शकत नव्हता आणि शेतकऱ्याला तर आपल्या शेताचा आकडा कुठून आला हेच कळायची सोय नव्हती. त्यात धान्याचे भाव पडले. वसुली थकली, जमिनी पडीक पडल्या, लोक गावं सोडून गेले. सिद्धान्त किती सुबक होता याचा कुणाला काय उपयोग झाला?

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट इंदापुरात गेले. त्यांनी निव्वळ उत्पन्न काढायचा नादच सोडला. (मला वाटतं, हाच त्यांचा मोठेपणा.) मातीचे नऊ वर्ग पाडले. उत्तम माती १६ आणे, मग १४, १२, १० असं करत २ आण्यांपर्यंत. शेताचा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मातीचा रंग आणि खोली बघायची. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की ठरलेली खूण करायची. एक खूण म्हणजे एक वर्ग खाली. ही पद्धत १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये पक्की झाली.

समजा चार भाग निघाले १२, १२, ८ आणि ८ आण्यांचे. बेरीज ४०, सरासरी १०. म्हणजे गावाच्या सर्वांत वरच्या दराचे सोळा भागांतले दहा भाग तुमचा आकार. आणे-पै जाणणारा कुणीही हे बांधावर बसून पडताळू शकतो! कोकणात भाताला हे जसंच्या तसं लावता येईना, म्हणून पाणी आणि बांधबंदिस्तीचा विचार करून नियम बदलले.

पण मंडळी, इथे एक ग्यानबाची मेख आहे. शेताचे आणे उघड होते. गावाचा वरचा दर मात्र नव्हता. हवापाणी, बाजार किती जवळ, मागची वसुली कशी, हे बघून तो अधिकाऱ्याच्या अंदाजानेच ठरे. तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली, तेव्हा मातीचे आणे नव्हे, तर हा दर चढला. पुढे वाढीवर मर्यादा घालाव्या लागल्या : तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका खातेदाराला १००. ही १८७४ ची गोष्ट. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्याची कारणं अनेक, पण वाढलेला सारा त्यांतलं एक म्हणून चर्चेत राहिलाच.

म्हणजे अर्धं गणित उघडं असून भागत नाही. ज्या आकड्यावर सगळं फिरतं तोच झाकलेला असेल तर बाकीचा उघडेपणा शोभेचा.

युरोपात ‘युरोमॉड’ नावाचं मॉडेल आहे. कोणत्या कुटुंबाला किती कर बसेल, किती मदत मिळेल हे ते मोजतं. त्यात मला आवडलं ते हे, की प्रत्येक देशाचे नियम कसे घेतले आणि येणारे आकडे प्रत्यक्ष सरकारी आकड्यांशी किती जुळतात, हे अहवालात छापतात. न जुळलेलंसुद्धा!

आपल्याकडे तसा जवळचा नमुना म्हणजे पैसेवारी. पीक ५० पैशांच्या आत आलं की साऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. ५१ आले तर? एका पैशाने गाव बाहेर. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाऊस, पिकांची हिरवळ, ओलावा असे निर्देशांक घेतले. २०१८ मध्ये त्यावर १५१ तालुके दुष्काळी ठरले. शास्त्र म्हणून हे सरस असेलही. पण उपग्रहाचा आकडा गावच्या पारावर कसा पडताळायचा?

शास्त्र वाढवा, जरूर वाढवा. फक्त ज्याचं नशीब त्या आकड्यावर ठरतं त्याला तो पुन्हा मांडून बघता आला पाहिजे, आणि चुकला तर ‘हा चुकला’ म्हणता आलं पाहिजे. प्रिंगलच्या शेतकऱ्याला ते म्हणता आलं नाही, म्हणून त्याने गाव सोडलं.

गावाकडच्या मंडळींनो, पैसेवारीची बैठक झाली की एवढंच विचारा : प्रमाण उत्पन्न किती धरलंत, आणि पीक कापणी कुठल्या शेतात केलीत?