राष्ट्रसंत होण्याआधीचा गायक

मंडळी, मूलमध्ये तुकडोजी महाराजांबद्दल मी नवीन काय सांगणार? ग्रामगीता तुमच्या घरात आहे, सामुदायिक प्रार्थना तुम्हाला पाठ आहे. म्हणून आज राष्ट्रसंत थोडे बाजूला ठेवू. माणिक नावाचा एक तरुण स्वतः गाणी रचायचा आणि खंजिरीवर स्वतःच गायचा. आज त्याच्याबद्दल बोलू.

जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घरची गरिबी, शाळा जेमतेम. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून ‘तुकड्या’ हे नाव मिळालं. तरुणपणी तो आपल्याच भागात, रामदिघीच्या जंगलात राहिला. चिमूरजवळच्या गोंदोड्याची गुंफा तर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल.

आता खंजिरीकडे बघा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाजवायची. पेटी नको, तबलजी नको. जंगलातल्या पायवाटेने जाणाऱ्या माणसाला याहून सोयीचं वाद्य कोणतं? रचनाही तशीच. ध्रुपद छोटं, लोकांनी लगेच मागे म्हणावं असं. आणि शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव. ही संतांची जुनी रीत. छापखाना नसला तरी गाणं दुसऱ्या गावी जाताना कर्त्याचं नाव सोबत घेऊन जायचं.

भाषेचंही तसंच. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. इथे मराठीसोबत हिंदी, तेलुगू, गोंडी कानावर पडायची. त्याने मराठीत रचलं आणि हिंदीतही रचलं. श्रोता वाढला.

1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी सेवाग्रामला गांधीजींची भेट झाली. भजनात आता गावसफाई, व्यसन, अस्पृश्यता, परकी सत्ता हे विषयही होते.

मग 16 ऑगस्ट 1942. नागपंचमी. चिमूरला मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा शहीद झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मागून फौज आली, गावावर अत्याचार झाले. 28 ऑगस्टला चंद्रपुरात महाराजांना अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग.

भजनामुळे चिमूर पेटलं, असं आपण सहज म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. ‘चले जाव’चा ठराव होता, पुढाऱ्यांची धरपकड झाली होती, गावागावांत काँग्रेसचे कार्यकर्ते होते. गाण्याने वेगळं काम केलं होतं. अनोळखी माणसांना एका आवाजात म्हणायची सवय आधीच लावली होती. तेहतीस वर्षांच्या गायकाला सरकारने तुरुंगात का टाकलं, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

शेवटी एक विनंती. भजनांचे शब्द पुस्तकांत सुरक्षित आहेत. पण तुमच्या गावात ते कोणत्या चालीत म्हणत, कुठे थांबत, खंजिरीचा ठेका कसा पडे, हे पुस्तकात नाही. ते भजनी मंडळांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. या आठवड्यात एखाद्या आजोबांजवळ बसा, चाल भरून घ्या. आणि त्यांचं नाव, गावाचं नाव सुरुवातीलाच बोलून ठेवा. नाहीतर चाल उरेल आणि गाणारा हरवेल.