उंबरावरचा जक्कय

चर्चच्या शिशुवर्गात सगळ्यांनाच जक्कय व्हायचं असतं. येशू व्हायला कुणी तयार होत नाही, कारण येशूला नुसतं चालत यायचं असतं आणि जक्कयाला झाडावर चढायला मिळतं. आमच्याकडे झाड म्हणजे तीन पायांचं लाकडी स्टूल. चौथा पाय मी शिकवायला लागले त्याच्याही आधी मोडला आणि तिथे सुतारानं फळी ठोकून दिली. त्या स्टुलावर चार वर्षांचं पोर उभं केलं, डोळ्यांवर हाताची झापड करून लांब बघायला लावलं, की गोष्ट अर्धी सांगून झालेली असते.

लूकच्या शुभवर्तमानात येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढतो ते यरीहोतलं अंजिराच्या जातीचं झाड. मराठी भाषांतरकारांनी तिथे उंबर लिहिलं, आणि ते चुकलेही नाहीत; दोन्ही झाडं एकाच गणगोतातली. पण त्या एका शब्दानं यरीहो नगरजवळ येऊन बसलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागतो.) चर्चच्या आवारात एक उंबर आहे. त्याची फळं फोडली की आत चिलटं निघतात, हे पोरांना ठाऊक असतं. पलीकडच्या आळीतल्या मुलांना उंबर म्हटलं की दत्त आठवतो, आमच्यांना हा बुटका जकातदार. दोन्हीकडची पोरं फळं मात्र एकाच झाडाची वेचतात.

चौतीस वर्षं मी दर रविवारी या वर्गात बसले. माझ्याआधी आत्या बसायची, तिच्याआधी आजी. पाहुणे येतात, पोरांना टाळ्या वाजवत गाताना, मेंढरं होऊन रांगताना बघतात आणि म्हणतात, मिशनऱ्यांनी किती छान सुरू करून ठेवलं. मी मान हलवते. खरं तर मिशनऱ्यांनी सुरू केली ती शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची शाळा, अशी मुळीच नव्हती.

तिचं मूळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात. तिथे टाचण्या बनवण्याचा धंदा होता आणि त्यात लहान मुलं आठवड्याचे सहा दिवस राबायची. रविवार मोकळा, म्हणून रस्त्यावर धुडगूस. रॉबर्ट रेक्स नावाचा वर्तमानपत्राचा मालक होता; त्यानं 1780 साली एका बाईच्या घरात या मुलांना बसवायला सुरुवात केली आणि 1783 मध्ये आपल्याच पत्रात त्याविषयी छापलं. तिथून हे लोण पसरलं. मुलांनी सकाळी दहाला यायचं, बाराला घरी जायचं, एकला परत यायचं, एक धडा वाचायचा, चर्चला जायचं, आणि मग प्रश्नोत्तरं घोकत संध्याकाळी साडेपाचपर्यंत बसायचं. आठवड्याची एकुलती सुट्टी अशी जायची. अक्षरओळख झाली हे खरं, आणि त्या काळात ते फार मोठं होतं. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या घरात जागाच नव्हती. टाचण्यांच्या कामाला जे पोर अजून उपयोगी नव्हतं, ते शाळेच्याही कामाचं नव्हतं.

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईला आले, 1831 मध्ये नगरला. सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळेमुळे नगरचं नाव सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात येतं, ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारच्या वर्गाचा साचा मात्र ग्लॉस्टरचाच राहिला. प्रश्न, उत्तर, पाठांतर. पुढे 1876 मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. परीक्षा, बक्षिसं, सुवर्णवचन हा सगळा थाट आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकलाय. वचन बिनचूक म्हटलं तर रंगीत कार्ड मिळे. ही कार्डं आणि भिंतीवर टांगायच्या चित्रांच्या गुंडाळ्या अमेरिकेतल्या शाळांनी वापरून झाल्यावर इकडे पाठवलेल्या असत. आजीच्या पत्र्याच्या डब्यात त्यातली अकरा कार्डं होती. एकावर येशू मुलांना मांडीवर घेऊन बसलाय, मुलांचे केस मक्याच्या कणसाच्या शेंड्यांसारखे पिवळे, आणि मागे पेन्सिलीनं कुणा अमेरिकन पोराचं नाव गिरगटलेलं. लहानपणी मला वाटायचं, ते चित्रातल्याच मुलाचं नाव आहे.

मग खेळ आला कुठून? माझ्या मते तो संडे स्कूलच्या दारानं आलाच नाही. तो आला जर्मनीहून, फिलाडेल्फियामार्गे, आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर सोलापूरच्या स्टेशनवर उतरला.

जर्मनीतला फ्रोबेल हा पाळकाचा मुलगा. आई लहानपणीच गेली, वडील मंडळीच्या कामात गुंतलेले, पोर एकटंच बागेत हिंडायचं. मोठेपणी, 1837 मध्ये, त्यानं ब्लांकेनबुर्गला लहानग्यांसाठी वर्ग काढला आणि 1840 मध्ये त्याला नाव दिलं किंडरगार्टन, मुलांची बाग. मुलाच्या हाती पुस्तक नाही द्यायचं, लोकरीचे सहा रंगीत चेंडू द्यायचे. मग लाकडाचा गोल, घन आणि नळकांडं. याला तो ‘देणग्या’ म्हणायचा. 1844 मध्ये त्यानं आईनं मुलाशी बोटांनी खेळायच्या खेळांचं आणि गाण्यांचं एक पुस्तक काढलं. आपल्या आपडी-थापडीचं जर्मन भावंडच म्हणा. या सगळ्यामागे त्याची श्रद्धा होती: सृष्टीत एकच सूत्र आहे, ते देवाचं, आणि मुलाला ते शब्दांआधी हातांनी कळतं. एवढं असूनही प्रशियाच्या सरकारनं 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, का तर हे नास्तिक शिक्षण! त्याच्या पुतण्याचे विचार त्याच्या माथी मारले गेले असं म्हणतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली 1860 मध्ये. या बंदीची मला पुढे एकदा फार आठवण झाली, ते येईलच.

पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. राहायच्या होत्या थोडे दिवस, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. रमाबाई म्हटलं की आपल्याला भाषणं, निधी, विधवांचा प्रश्न आठवतो. पण संस्कृत पुराणं तोंडपाठ असलेली ही बाई त्याच वर्षी तिथल्या किंडरगार्टन शिक्षिकांच्या वर्गात नाव घालून बसली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ज्या मुलखात पाठांतर हीच विद्या, त्या मुलखातली, पाठांतरात कुणाला हार न जाणारी बाई म्हणते, मला चेंडू आणि ठोकळे शिकवा. मुंबईला परतून 11 मार्च 1889 रोजी तिनं शारदा सदन सुरू केलं. दुष्काळानंतर केडगावच्या तिच्या आश्रमात मुलींचा लोंढा आला, त्यात अगदी तान्ह्याही होत्या, आणि त्यांना वाढवताना हे शिक्षण कामी आलं.

सोलापूरचं श्रेय मेरी हार्डिंगबाईंचं. तिथल्याच मिशनरी कुटुंबातली मुलगी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं सोलापुरात बालवर्ग आणि बालशिक्षिका तयार करण्याचा वर्ग उभा केला. माझी आजी पुढे तिथेच शिकली. तेव्हाचं सोलापूर गिरण्यांचं गाव, म्हणजे एका अर्थानं ग्लॉस्टरच. पण इथे उलट झालं, लहानांत लहान पोरापासून सुरुवात झाली. फ्रोबेलचे चेंडू लोकरीचे. आजीचे सुताचे होते. मागावरून निघालेलं तुटकं सूत चिंधीवर गुंडाळून विणलेले, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. जांभळा माझ्याकडे अजून आहे, पण आता तो जांभळा आहे हे सांगावं लागतं. प्रत्येकाला दोरी असे. दोरी धरून चेंडू झुलवायचा. फ्रोबेलच्या पुस्तकात तो घड्याळाचा लंबक होई, आजीच्या हातात तो टोपलीतला मोशे होई. पोरं अंगठा आणि बोट यांत दोरी धरून बसत, कारण जोरात झुलवलं तर बाळ नदीत पडेल. आजी म्हणायची, शांत बसा असं मला कधी सांगावं लागलं नाही, मोशे झोपलाय एवढंच सांगायचे.

गाण्यांची गोष्ट निराळी. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेली काही जुनी बालगीतं मी ऐकलीत. ती गाताना जीभ अडखळते, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आणि टाळी भलत्याच अक्षरावर पडते. मोठ्यांच्या भक्तीत हा घोळ आधीच निस्तरला होता. कृष्णराव सांगळ्यांनी नगरात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि ओवी-अभंग चर्चमध्ये जणू पहिल्यापासून तिथेच असल्यासारखे रुळले. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. तरीही स्पष्ट सांगते, त्यांची उपासनागीतं चार वर्षांच्या मुलासाठी जड आहेत. ‘बालबोधमेवा’ हे मासिकसुद्धा वाचता येणाऱ्या मुलांचं. शिशुवर्गाला टिळकांकडून मिळाला तो ठेका. झांज आणि डफ घेतला की पोर शब्द न कळताही गात राहतं. दीडशेव्या स्तोत्रात वाद्यांची जी यादी आहे तिच्या मराठीत डफ आणि झांजा दोन्ही आहेत. नगरच्या पोराला त्या यादीतलं काही समजावून सांगावं लागत नाही. आजीनं अभिनयगीतं स्वतः जुळवली, कधी लिहून ठेवली नाहीत. आत्यानं काही वहीत उतरवली, पण चाली कशा उतरवणार?

आत्याचा हातखंडा निराळा, घोंगडी. तिच्या काळात फ्लॅनेलच्या फळ्याची टूम निघाली होती: कापडावर कागदी चित्रं चिकटवत गोष्ट सांगायची. फ्लॅनेल महाग. आत्यानं धनगराची काळी घोंगडी भिंतीवर ताणून बसवली आणि चित्रांच्या पाठीला सुताराकडचा पॉलिश पेपर डकवला. खरखरीत कागद लोकरीला असा पकडायचा की पंखा लावला तरी चित्र हलत नसे. बेथलेहेमची रात्र तर त्या घोंगडीवर जशी दिसली तशी मी कुठल्याच रंगीत पुस्तकात पाहिली नाही. काळंभोर आकाश, त्यावर कोपऱ्यात एक चांदणी, खाली मेंढपाळ. आणि घोंगडीला मेंढरांचा वास! आमचा एक मुलगा पारनेरकडच्या धनगरांच्या शेजारी वाढलेला. पहिल्या दिवशी आत येताच म्हणाला, इथं मेंढ्या हायेत.

आता बंदीची गोष्ट. बायबलातल्या गोष्टीत सातव्या दिवशी यरीहोच्या तटाला सात फेरे मारायचे आणि मग ओरडायचं, की भिंत पडते. वर्गात जागा नव्हती म्हणून मी पोरांना चर्चलाच फेऱ्या घालायला लावल्या. आत मोठ्यांची उपासना सुरू. सहा फेऱ्या उंदरासारख्या चवड्यांवर झाल्या. सातवीला मी हात वर केला तो थांबा म्हणून, पोरांना वाटलं ओरडा. आत नेमकी दीर्घ प्रार्थना चालली होती. भिंत पडली नाही, माझी पडायची वेळ आली. पुढच्या सभेत मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले की हा पोरखेळ आहे, भक्ती नव्हे. शिशुवर्गानं बसून वचन पाठ करावं. ठराव झाला. मी म्हणाले, येशू यरुशलेमेत गेला तेव्हा मंदिरात मुलंच ओरडत होती आणि याजकांनाच ते खटकलं होतं. हे म्हणायला नको होतं. त्यांना वाटलं मी त्यांना याजक म्हणाले. मी म्हणालेच होते म्हणा.

तो पावसाळा आम्ही बसून काढला. पोरांना वचनं पाठ झाली, हे कबूल केलं पाहिजे, त्यातली काही आज मोठी होऊन भेटली की धडाधडा म्हणून दाखवतात. पण निम्मी पोरं यायची थांबली, आणि जी यायची ती दाराकडे बघत बसायची. ठराव कुणी मागे घेतला नाही. पाळकांची बदली झाली, वहीतलं ते पान उलटलं गेलं, आणि नाताळ जवळ आल्यावर मी मुकाट्यानं घोंगडी पुन्हा टांगली.

मे महिन्यातल्या सुट्टीतल्या बायबल शाळेबद्दल फार लिहीत नाही. तिला आता टोप्या, बॅनर आणि लाउडस्पीकर लागतात. न्यूयॉर्कमध्ये 1898 साली एका बाईनं अशी शाळा भरवली तेव्हा जागा मिळेना म्हणून तिनं बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला होता. हे मी आमच्या वार्षिक सभेत सांगितलं, कुणी हसलं नाही.

मागच्या रविवारी मी बऱ्याच दिवसांनी वर्गात गेले. नवी टीचर माझ्याच नात्यातली, मोबाइलवर चाल लावते, पण स्टूल तेच. जक्कय झाली होती साडेतीन वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, एक रिबन सुटलेली. येशू झालेला पोरगा खाली येऊन उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे म्हणाला, आज मी तुझ्याकडे जेवायला येणार. आता जक्कयानं पटकन उतरायचं असतं. ही उतरेना. कमरेवर हात ठेवून तिनं येशूला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तिखट चालतं का?

येशूनं टीचरकडे पाहिलं. टीचरनं माझ्याकडे. “थोडं चालतं,” येशू म्हणाला. मग बाकीची पोरं उठली. आमच्याकडं आज मटण आहे. आमच्याकडं डाळ-भात, पण पापड आहे. माझी आई अंडी करते. सगळे येशूला आपापल्या घरी ओढायला लागले, डफ कुणाच्या तरी पायाखाली आला, आणि स्टुलावरून जक्कय ओरडत होती की आधी मी सांगितलंय, आधी माझ्याकडे.