‘मॅक’ आणि ‘ओ’

मॅकॉले, मॅकिंटॉश, ओब्रायन, ओकॉनेल हीं नांवें इंग्रजी शिकलेल्या महाराष्ट्रीय वाचकाच्या कानांवरून अनेक वेळां गेलेलीं असतात. परंतु त्यांच्या आरंभींचें ‘मॅक’ किंवा ‘ओ’ म्हणजे काय, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. हीं अक्षरें शोभेकरितां लावलेलीं नाहींत, आणि तीं इंग्रजीहि नव्हत. ते गेलिक भाषेंतील शब्द असून प्रत्येकांत एक नातें सांठविलेलें आहे. त्या नात्याचें पुढें काय झालें, हें पाहण्याचा आमचा येथें उद्देश आहे.

‘मॅक’ म्हणजे पुत्र. ‘ओ’, ज्याचें जुनें रूप ‘उआ’, म्हणजे नातू आणि व्यापक अर्थानें वंशज. आयर्लंडांत दहाव्या-अकराव्या शतकांतच हीं कुलनामें स्थिर होऊं लागलीं. प्रथम तें खरोखरच्या नातवाचें वर्णन होतें. ९१९ सालीं नायल ग्लुनदुव हा राजा डब्लिनजवळ रणांत पडला. त्याच्या नातवास ‘उआ नेल’ म्हणत. पुढें नातवाच्या नातवांनींहि तेंच अभिधान चालविलें, आणि ओनील हें कुळाचें नांव झालें. १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या लढाईंत मारला गेलेला ब्रायन बोरू हा ओब्रायन घराण्याचा मूळपुरुष. आपल्याकडील ‘कर’ हा प्रत्यय गांव सांगतो. गेलिक उपसर्ग पूर्वज सांगतो.

हा पूर्वज राजाच असला पाहिजे असें नाहीं. मॅकिंटायर हा सुताराचा मुलगा, मॅकनॅब मठाधिपतीचा, मॅकिंटॉश नायकाचा. मॅकॉले हा तर ओलाफचा मुलगा, आणि ओलाफ हें उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी नॉर्स लोकांचें नांव! १८३५ सालीं पौर्वात्य विद्येला तुच्छ लेखणारें टिपण ज्यांनीं लिहिलें, त्या मॅकॉलेसाहेबांचें नांव असें एका उपेक्षित भाषेंतलें होतें, हें आम्हांस मोठें बोधप्रद वाटतें.

पुरुष हा पुत्र किंवा नातू, तर मग स्त्री कोण? गेलिक भाषेनें हा प्रश्न टाळला नाहीं. ‘ओ’ कुळांतील मुलीच्या उपनांवाआधीं ‘नी’ आणि ‘मॅक’ कुळांतील मुलीच्या उपनांवाआधीं ‘निक’ येतें. ‘अमक्याच्या वंशजाची कन्या’ व ‘अमक्याच्या पुत्राची कन्या’ या शब्दसमूहांचीं हीं संक्षिप्त रूपें होत. शिवाय पुढील शब्दाचा आद्य वर्णहि पुष्कळदां मृदु होतो. म्हणून भाऊ ‘ओ डोनल’, तर बहीण ‘नी गोनल’. आयरिश भाषेंत लिहिणाऱ्या कवयित्री नुआला नी गोनल यांचें नांव याच नियमाचें उदाहरण आहे. विवाहितेस पतीचें कुलनाम लावावयाचें असल्यास त्याचीं रूपें आणखी निराळीं.

राज्यकर्त्यांना अशा नांवांचें वावडें असणें स्वाभाविकच होतें. कारण ज्या नांवांत कूळ आहे, त्यांत कुळावरील निष्ठाहि असते. १४६५ च्या एका कायद्यानें डब्लिन व आसपासच्या परगण्यांत राहणाऱ्या आयरिश लोकांनीं एखादें गांव, रंग, धंदा किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनांव घ्यावें, असें फर्माविलें. स्कॉटलंडांत १६०३ सालीं मॅकग्रेगर हें नांवच बेकायदा ठरलें. तें न टाकणाऱ्यास देहांताची शिक्षा होती. प्रसिद्ध रॉब रॉय यालाहि म्हणून आपल्या आईचें कॅम्बेल हें कुलनाम लावावें लागलें. ही बंदी मध्यंतरीं कांहीं वर्षें उठली, पुनः बसली आणि १७७४ सालीं कायमची गेली.

तथापि तलवारीपेक्षां प्रतिष्ठेच्या लोभानें अधिक काम केलें. गेलिक सरदारांची सत्ता सतराव्या शतकांत मोडल्यावर जुनें नांव हें मागासलेपणाचें चिन्ह ठरलें, आणि लोकांनीं तें आपल्याच हातांनीं छाटलें. ओसुलिव्हनचा सुलिव्हन झाला, ओकेलीचा केली. लोहाराचा मुलगा मॅकगोवन हा कित्येक ठिकाणीं नुसता स्मिथ झाला. १८९२ सालीं डग्लस हाइड यांनीं डब्लिन येथील व्याख्यानांत गेलिक नांवें टाकून देणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली. दुसऱ्याच वर्षीं गेलिक लीग स्थापन झाली, आणि हेच हाइड १९३८ सालीं आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या चळवळीच्या काळांत पुष्कळ घराण्यांनीं आपला ‘ओ’ परत घेतला. मर्फी हें आयर्लंडांतील सर्वांत प्रचलित आडनांव मात्र त्यावांचूनच राहिलें.

परंतु परत आला तो बहुधा पुरुषाचाच उपसर्ग. इंग्रजी बोलणाऱ्या आयरिश घरांतील कन्याहि आपणांस ओडॉनेल म्हणविते. म्हणजे शब्दार्थानें ती स्वतःला ‘नातू’ म्हणवून घेते, आणि त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटत नाहीं. तिचें खरें नातें सांगणारा ‘नी’ जेथें ती भाषा अद्याप बोलली किंवा लिहिली जाते तेथेंच जिवंत आहे. नांवांतील गळालेलें अक्षर निश्चयानें पुनः जोडतां येतें. त्या अक्षराचा अर्थ जाणणारी भाषा परत आणण्यास पिढ्या लागतात. आपल्या नांवांचे अर्थ आपल्याच मुलांना कळेनासे होण्यापूर्वीं प्रत्येक समाजानें हें ध्यानांत घेतलेलें बरें.